घोट्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा चढाई

सर्जननी ‘खेळायला हरकत नाही’ असं कागदावर लिहून दिलं ते जुलैत. कबड्डीत मी जीव ओतून पहिली चढाई केली ती दिवाळीच्या तोंडावर. मधल्या काळात माझ्या उजव्या घोट्याला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. सूज नाही, कळ नाही, लंगडणं नाही. एका पायावर उड्या मारायचे, गच्चीचा जिना धावत चढायचे. फक्त समोरून कोणी वाकून पायाकडे झेपावलं, की मी मध्यरेषेच्या अलीकडे पोचलेली असायचे. कशी पोचले ते मलाही कळायचं नाही.

ऑपरेशन, टाके, बूट, व्यायाम यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. या मधल्या काळाबद्दल मात्र आमच्याकडे एकच प्रश्न असतो, ‘भ्याव वाटस का?’ आणि त्याला एकच उत्तर चालतं, ‘नही’. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अमळनेर तालुक्यातली. बोरीकाठचं गाव, घरची कापसाची शेती, शाळेच्या मागे चाळलेल्या मातीचं मैदान. पाय पहिल्यांदा मुरगळला अकरावीत. आमच्याकडे त्याचा ठरलेला क्रम आहे: हळद-तेल गरम करून लेप, वरून जुन्या साडीची पट्टी, फारच सुजला तर हाडवैद्य, आणि आठवड्याभरात पुन्हा मैदान. मुरगळलेला पाय खेळूनच मोकळा होतो, असं गावात सगळे मानतात. माझा इतक्या वेळा मोकळा झाला की शेवटी त्याला मैदानसुद्धा लागेना. होळीनंतर आमच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. पऱ्हाट्या उपटायला वावरात गेले तरी तळपाय आत वळायचा आणि घोटा बाहेर कलंडायचा.

मग मॅटवरचा तो सामना. कबड्डी न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मुलींच्या मैदानात मध्यरेषेपासून तीन मीटरवर निदानरेषा असते आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा. समोर सहा किंवा सात जणी असतील आणि तुम्ही एक पाय बोनसरेषेपलीकडे टेकवून मागचा पाय हवेत ठेवलात, तर एक गुण मिळतो. पण तो पाय टेकतो नेमका कोपऱ्यातल्या खेळाडूच्या तोंडाशी, आणि ती त्याचीच वाट बघत बसलेली असते. खाली झेपावून दोन्ही हातांनी घोटा धरायचा, ही कोपरारक्षकाची हुकमी पकड. मैदानात आम्ही तिला नुसतं ‘अँकल’ म्हणतो. माझा पाय रेषेपलीकडे टेकला, तिने धरला, मी सुटायला अंग फिरवलं. मातीवर पाय थोडा सरकला असता. मॅटवर बूट चिकटून राहिला आणि वरचं सगळं शरीर फिरलं.

ऑपरेशन नाशिकला फेब्रुवारीत झालं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे, असतात. पाय आत वळला की आधी पुढचं जातं, जोर जास्त असेल तर त्याच्या शेजारचं, टाचेच्या हाडाकडे उतरणारं. माझं पुढचं लिगामेंट फाटून, जुळून, पुन्हा फाटून जुन्या इलॅस्टिकसारखं लांब झालेलं होतं. ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश सर्जनने १९६६ मध्ये मांडलेली आणि गूल्डने १९८० मध्ये सुधारलेली पद्धत आजही वापरतात. सैल लिगामेंट आखडून पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाला पुन्हा शिवायचं आणि घोट्यावरच्या जाड पडद्याचा एक पदर ओढून त्याला वरून आधार द्यायचा. सर्जननी हे कागदावर काढून दाखवलं. पुढचं सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. आधी पाय टेकवायचाच नाही, मग घोटा जखडून ठेवणारा बूट घालून टेकवायचा, मग बूट काढायचा.

पहिली खूण आखाजीला दिसायला हवी होती, पण तेव्हा ती कोणी मोजली नाही. आखाजी म्हणजे आमच्याकडे मुलींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, दुपारभर गाणी चालतात. तोवर मी बिनबुटाची चालत होते. सगळ्या जणी ‘ये ना, बस ना’ म्हणत असताना मी झोक्याशेजारी उभी राहून दोर धरत होते. झोक्यावर बसायला काही वाटत नव्हतं. उतरताना पाय जमिनीला कसा लागेल, ते डोळ्यांपुढे येत होतं. माय म्हणाली, ‘नवं नवं शे, राहू दे.’

मे महिन्यात जळगावला फिजिओथेरपी सुरू झाली. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी पकडायची, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि स्टेशनवर डब्याच्या पायऱ्या उतरताना उजवा पाय कधीच आधी खाली ठेवायचा नाही, हा मी माझा मलाच घालून घेतलेला नियम. फिजिओथेरपीच्या मॅडमच्या हे लक्षात येण्याचं कारण नव्हतं, त्या स्टेशनवर नव्हत्या. त्यांच्या खोलीत मी नेमून दिलेलं सगळं करत होते. रबरी पट्टा, डगमगत्या गादीवर एका पायावर उभं राहणं, चवड्यांवर चढणं, मग उड्या. एका पायावर पुढे उडी मारायची, अंतर मोजायचं आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं. उजवा डाव्याच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेला की पुढची पायरी. जूनअखेर माझा उजवा गेला. सर्जननी घोटा पुढे ओढून, आत वळवून बघितला. घट्ट. तेव्हा तो कागद मिळाला.

कागद घेऊन कबड्डीच्या सरांकडे गेले, सरांनी लगेच सरावाला घेतलं.

आता कबड्डीची गंमत अशी की इथे भीती लपत नाही, नियमच ती उघडी पाडतात. चढाईत तीस सेकंद मिळतात आणि कोणाला हात-पाय लावला नाहीत तर निदानरेषा तरी ओलांडावीच लागते, नाहीतर तुम्ही बाद. मी काय करायचे? जायचे, निदानरेषेच्या जेमतेम पलीकडे पाय टेकवायचे, दोन हात हवेत मारायचे आणि परत. दिसायला चढाई, हाती शून्य. एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही आणला तर चढाई करणारी बाद. आधी ही तिसरी चढाई माझीच असायची, सर माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, मी आपोआप उठायचे. आता दोन रिकाम्या गेल्या की मी बुटाची लेस बांधायला खाली वाकायचे. चांगली बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायचे.

सगळ्यांनी आपापल्या परीने समजावलं. सर म्हणाले, ‘डोक्यातून काढून टाक.’ काकू म्हणाली, ‘आते कसाले खेयस? पाय चांगला व्हयना, आते घर बठ.’ मैत्रिणी म्हणाल्या, बिनधास्त जा गं, काही होत नाही. त्यांचं बरोबरच होतं, काही होत नव्हतं. पण ‘काही होणार नाही’ हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात ‘आणि झालं तर?’ त्याच्या आधी हजर असायचं. धीर देणाऱ्यांचं मला एवढंच कळलं की ते आपलं भलं चिंततात, उपयोग शून्य.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं नाही, त्यांनीच विचारलं. उड्यांमध्ये नव्वदच्या वर असलेली मुलगी अजून सामना खेळत नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी एक कागद काढला. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, मग एकूण शंभरावर आणायचे. हा कागद मूळचा गुडघ्यासाठी. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेले खेळाडू परतायला मनाने तयार आहेत का, हे मोजायला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो तयार केला. घोट्याच्या लिगामेंटसाठी तोच कागद फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न इंग्रजीत होते. मॅडम एकेक मराठीत सांगत होत्या, मी आकडा सांगत होते.

प्रश्न तीन तऱ्हेचे आहेत. काही भावनांचे: खेळायला जाताना धाकधूक होते का, घोट्याचा सतत विचार करावा लागतो याचा वैताग येतो का. काही विश्वासाचे: घोटा ऐन वेळी दगा देणार नाही याची खात्री आहे का, पूर्वीसारखं खेळता येईल असं वाटतं का. आणि काही धोक्याचे: पुन्हा दुखापत होईल असं वाटतं का, पुन्हा ऑपरेशन आणि ते सगळं व्यायामाचं चक्र करावं लागेल या विचाराने मागे सरता का.

माझी बेरीज निम्म्याच्याही खाली आली. मॅडमनी बेरजेकडे फारसं बघितलं नाही. त्या म्हणाल्या, आकडे सारखे खाली नाहीत, बघ. ‘पूर्वीसारखं खेळता येईल का’ याला मी चांगले वरचे गुण दिले होते. घोटा दगा देईल का, यालाही बरे. सगळी गळती होती दोनच जागी: दबावाखाली घोटा टिकेल का, आणि ते पुन्हा ऑपरेशनवालं. तोवर मी स्वतःला सरसकट भित्री समजत होते. खरं तर मला दोन अगदी वेगळ्या गोष्टी छळत होत्या, आणि एकीचा दुसरीशी संबंध नव्हता. एक, कोणीतरी माझा घोटा धरेल. दोन, पुन्हा सगळं घरावर येईल.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने मला जरा हायसं वाटलं. गुडघ्याच्या त्याच लिगामेंटच्या ऑपरेशननंतर किती जण खेळात परततात, याचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सात हजारांहून जास्त रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. कुठल्या ना कुठल्या खेळात परतले ८१ टक्के, आपल्या पूर्वीच्या पातळीवर परतले ६५ टक्के आणि स्पर्धेत परतले ५५ टक्के. गुडघे बरे झाले तरी माणसं मागे राहतात, हे त्या आकड्यांत दिसतं, आणि त्या मागे राहण्याचं एक ठळक कारण म्हणजे पुन्हा दुखापत होण्याची भीती. गुडघा आणि घोटा एक नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. पण माझ्यासारख्या इतक्या जणी असतील तर हा माझ्या एकटीच्या हिमतीचा प्रश्न नव्हता. परतण्याचेही तीन टप्पे धरतात म्हणे: आधी सरावात भाग घेणं, मग खेळात परतणं, मग पूर्वीच्या ताकदीने खेळणं. सरांच्या हिशोबी मी तिसऱ्यावर असायला हवी होते. मी पहिल्यावर होते.

श्रावणात कानबाई बसली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाईची स्थापना असते. सुरत-उधन्याला कामाला गेलेली भावकी सगळी गावात जमते, रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. मी रात्री फुगडी खेळले, एकीबरोबर नाही, येईल तिच्याबरोबर. सोमवारी नदीपर्यंत नाचत गेले, पावसाने उखडलेल्या रस्त्यावरून, खड्ड्यांतून, गर्दीत, वर अनवाणी. मंगळवारी सकाळी चहा पिताना माझ्या ध्यानात आलं की काल दिवसभर घोट्याची आठवणच झाली नाही. आपणहून कोणाला सांगायला जावं अशी ती मोठी बाब नव्हती, पण मी मॅडमना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे घोटा खड्ड्यांना घाबरत नाही. तुला फक्त हातांची भीती आहे. मग आपण हातांवरच काम करू.’

यासाठी मला दुसरी मुलगी लागणार होती. आमच्याच संघातली कोपऱ्यातली घेतली. वयाने माझ्याहून लहान, मला ताई म्हणते, आणि तालुक्यात तिच्याइतकी वाईट पकड कोणाची नाही. वाईट म्हणजे सुटायला वाईट.

मॅडमनी क्रम लिहून दिला आणि एकच नियम घातला: मी ‘सोड’ म्हटलं की त्या क्षणी सोडायचं, आणि सोडलं म्हणून तिने काही बोलायचं नाही, चिडवायचं नाही. सुरुवात बसून. मी मातीत पाय पसरून बसायचे, ती समोर. ‘ताई, धरू का?’ मी हो म्हटलं की ती घोटा धरायची. बस, नुसती धरून बसायची. मी श्वास मोजायचे. ऐकायला हे पोरकट वाटेल, बघणाऱ्या पोरांना तर वाटतच होतं, मैदानाच्या कडेला बसून ती पोरं दात काढायची. पण पहिल्यांदा तिचे तळवे ऑपरेशनच्या व्रणावर आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता आणि तोंड कोरडं पडलं होतं. बसल्या जागी. जिथे वळायला, पडायला काही वावच नव्हता. तेव्हा मला पटलं की हे लिगामेंटचं काम नाही.

धरून ठेवण्याचा एक गुण असा की ती भीती तशीच टिकून राहू शकत नाही. पहिल्या मिनिटाला छाती धडधडते, थोड्या वेळाने आपोआप उतरते, मग कंटाळा येतो. आम्ही गप्पा मारायला लागलो. ती माझा घोटा धरून तिच्या ताईच्या लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगायची. मॅडम म्हणाल्या होत्या की कंटाळा आला तरच पुढच्या पायरीवर जायचं, धाडस वाटलं म्हणून जायचं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच.

मग उभं राहून. मग मी चालत जाणार, ती सांगून धरणार. मग ती धरणार आणि हळू ओढणार, मी अंग न फिरवता खाली बसून मध्यरेषेकडे हात टाकणार. सुटण्याची पद्धतही बदलली. पूर्वी मी पाय रुतवून अंग फिरवायचे, आता धरलेल्या पायावरचं वजन आधी काढायचं, तिच्या अंगावर जायचं, हात लांब. सरांनी हे शिकवायला घेतलं तेव्हा त्यांनाही मजा आली. ‘डोक्यातून काढून टाक’ म्हणण्यापेक्षा हातात काही काम असलं की त्यांना बरं वाटतं. मग अर्ध्या वेगात. मग न सांगता धरणं: ती कधी घोटा धरेल, कधी मांडी, कधी नुसती हूल देईल. या पायरीला मी बरेच दिवस अडकले. एकदा दोन पायऱ्या मागे येऊन पुन्हा बसून सुरुवात केली. मॅडमच्या लेखी त्यात काही विशेष नव्हतं.

दुसरी अडचण डोळ्यांची निघाली. एका मुलीने मोबाइलवर माझ्या चढाया चित्रित केल्या. बघते तर मी प्रत्येक चढाईत आपल्याच पायाकडे बघतेय. समोर साखळी कुठे सैल आहे, कोपरा पुढे सरकलाय का, हे बघायचं सोडून मान खाली. मॅडमनी यावर उड्यांचा खेळ दिला. एका पायावर डावी-उजवीकडे उड्या मारत राहायचं आणि समोर उभी असलेली मुलगी जितकी बोटं दाखवेल तो आकडा मोठ्याने ओरडायचा. आकडा चुकला तर उडी मोजायची नाही. डोकं बोटं मोजण्यात गुंतलं की पाय आपलं काम स्वतः करतो. हळूहळू बोटांच्या जागी तीच कोपऱ्यातली आली आणि ती कुठला पाय पुढे टाकते ते मी ओरडायला लागले.

रात्रीचं काम वेगळंच. पुण्याच्या एका क्रीडा मानसशास्त्रज्ञांशी मॅडमनी बोलणं करून दिलं, गच्चीवर रेंज मिळते म्हणून तिथे बसून व्हिडिओ कॉल. मी त्यांना सांगितलं की झोपताना मनात चढाई करून बघायला सांगतात, ती मला जमत नाही. मनातली चढाई दर वेळी तिथेच जाऊन थांबते, पाय टेकतो, हात येतात आणि मॅटचा तो आवाज. त्यांनी सुचवलं, तिथून सुरू करा. हात पायावर आहेत, इथपासून पुढचं बघा: वजन काढलं, खाली बसलात, हात लांब केला, रेषा लागली. सुरुवात बघूच नका. बरेच दिवस माझ्या मनातल्या चढाया अशा अर्ध्यातून सुरू व्हायच्या. त्यांनी सामने बघायलाही सांगितलं, कारण मी ते बंद केले होते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला भारत-चायनीज तैपेई अंतिम सामना, २०२३ चा, आपल्या मुलींनी २६-२५ असा एका गुणाने जिंकलेला. तो मी थांबवत, मागे घेत बघितला. खाली झेपावून पाय धरला की चित्र थांबवायचं, बघायचं, पुढे सोडायचं. कोणाचा पाय धरला गेला म्हणजे तो मोडलाच असं नसतं, हे एरवी लहान पोरालाही माहीत असतं. मला ते पुन्हा डोळ्यांनी बघावं लागलं.

राहिली ती पुन्हा ऑपरेशनची गोष्ट. ती कोणत्या सरावाने जाणार नव्हती, कारण ती खोटी भीतीच नव्हती. ऑपरेशनच्या वेळी कापूस भाव बघून घरात थांबवून ठेवायचा ठरलं होतं, तो विकावा लागला. मायने मला न्हाणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, पायाला पिशवी बांधून आंघोळ घातली, ऐन वेचणी संपवण्याच्या दिवसांत. हे घरात कोणी बोललं नाही. न बोलल्यामुळेच ते माझ्यापाशी राहिलं. मॅडम म्हणाल्या, याला उड्या नाहीत, याला विचारणं आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना विचार.

सर्जनना विचारलं: पुन्हा फाटलं तर? त्यांनी टाळाटाळ न करता सांगितलं. तसं होऊ शकतं, कोणी नाही म्हणणार नाही. या ऑपरेशननंतर बहुतेक खेळाडू खेळात परततात. पुन्हा मुरगळला तरी प्रत्येक मुरगळणं म्हणजे फाटणं नाही आणि प्रत्येक फाटणं म्हणजे ऑपरेशन नाही. बऱ्याचदा ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, आणि व्यायाम एवढ्यावरच भागतं. निदान पहिला हंगाम टेप किंवा ब्रेस लावून खेळ. ‘काही होणार नाही’ यापेक्षा हे ऐकायला कितीतरी बरं होतं.

आबांना विचारणं जास्त अवघड. संध्याकाळी ओट्यावर बसले होते, मी म्हटलं, परत असं झालं तर एवढा पैसा कुठून आणायचा? ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पैसास्ना इचार मी करसू. तू नको करू.’ आणि वर, सरकारी योजनेत यातलं काय बसतं ते आधीच विचारून ठेवलंय, असं तालुक्याच्या कोणा ओळखीच्या माणसाचं नाव घेऊन सांगितलं. म्हणजे हा विचार ते माझ्या आधीपासून करत होते. माय आतून ओरडली की न्हाणीतल्या खुर्चीचा पाय मोडलाय, यंदा नवी आणावी लागेल, तेव्हा जरा जपून. आम्ही तिघं हसलो. काळजी घरात सगळ्यांना होतीच, आता ती निदान वाटून घेतली गेली.

आंतरमहाविद्यालयीन सामने दिवाळीच्या आधी लागले. आमच्या विद्यापीठात जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे येतात, आणि धुळ्याच्या बाजूच्या मुली अंगाने दांडग्या. पायाला टेप होती. सरांशी आधीच ठरलं होतं की पहिल्या सत्रात माझ्या चढाया मी मागेन, ते पाठवणार नाहीत. मी मागितल्या, एका स्पर्शाचा गुण आणला. दुसऱ्या सत्रात आमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि मी उठले. लेस ठीक होती.

समोर सहा जणी होत्या. उजवा पाय बोनसरेषेपलीकडे टेकला, मागचा हवेत होता, आणि कोपरा आला. दोन्ही हात घोट्यावर. मी वजन काढलं, खाली गेले, हात टाकला, मध्यरेषा वीतभर राहिली. बाकीच्या अंगावर पडल्या, शिट्टी वाजली, मी बाद. उठले ती सरळ पंचांकडे, बोनस झाला होता, पाय आधी टेकला, पकड नंतर झाली, गुण द्या. पंच म्हणाले मागचा पाय खाली होता. मी म्हटलं हवेत होता. सरांनी बाहेरून हाक मारली तरी मी बोलतच होते, शेवटी कर्णधाराने ओढून नेलं. बाकावर बसल्यावर सरांनी विचारलं, पाय? मी म्हटलं, हवेत होता सर, शप्पथ. त्यांना घोट्याबद्दल विचारायचं होतं.

तो सामना आम्ही हरलो. मागचा पाय हवेतच होता, यावर मी अजून ठाम आहे.

नंतर मॅडमनी तो कागद पुन्हा भरून घेतला. बेरीज बरीच वर गेली आहे. पुन्हा ऑपरेशनवाल्या प्रश्नाला मी दहा देत नाही आणि द्यावेत असं मॅडमनाही वाटत नाही. एक आकडा मात्र होता तिथेच आहे: घोट्याचा विचार करावा लागतो याचा वैताग येतो का? येतो. टेप महाग आहे, लावायला दुसऱ्याची मदत लागते, सामन्याआधी सगळ्या जणी गाणी लावून अंग मोकळं करत असतात तेव्हा मी उड्या मारत बोटं मोजत असते. मॅडम म्हणाल्या, वैताग चालेल, त्याच्यावर उपाय करायचा नाही. कागद जानेवारीत पुन्हा भरायचा आहे, आणि तोवर कोपऱ्यातल्या त्या पोरीकडून न सांगता धरण्याचा सराव आठवड्यातून दोनदा चालू ठेवायचा आहे.